बंद फुलाचा वाण

१९७७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या ह्युगो गावच्या डॉ. जॉन वाइच यांनी घेवड्याचे थोडे काळेभोर, चकचकीत दाणे सीड सेव्हर्स एक्सचेंज या संस्थेच्या हवाली केले. वाइच पेशानं दंतवैद्य, वंशानं चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीचे. दाणे त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या पेरले जात होते. १८३८-३९च्या हिवाळ्यात पूर्वजांनी ते सोबत आणले, असं घरात सांगत आले होते. अमेरिकेच्या इतिहासात त्या प्रवासाला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. १८३० सालच्या कायद्याचा आधार घेऊन सरकारनं जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा, नॉर्थ कॅरोलिना या भागांतल्या सुमारे १६,००० चेरोकींना घरांतून बाहेर काढलं आणि मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं. छावण्यांत आणि वाटेत मिळून सुमारे ४,००० माणसं दगावली असं मानतात. त्या लोकांनी जे थोडं बरोबर नेलं, त्यात बी होतं.

आज हा वाण ‘चेरोकी ट्रेल ऑफ टिअर्स’ या नावानं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हजारो परसबागांत वाढतो. आठ-नऊ फूट चढणारी वेल, जांभळट गुलाबी फुलं, हिरव्या शेंगा. शेंगा जून होऊ लागल्या की त्यांच्यावर जांभळी छटा चढते. २०२० साली चेरोकी नेशननं स्वालबार्डच्या जागतिक बीजकोठारात आपल्या नऊ पारंपरिक पिकांचं बी ठेवलं, त्यात हा घेवडाही होता.

गोष्ट मन हेलावणारी आहे. पण बाग करणाऱ्याच्या मनात तिच्या मागोमाग एक सरळ प्रश्न यायला हवा. पाच-सहा पिढ्या एका घराण्यात तोच वाण जसाच्या तसा टिकला कसा? एकटा मका पेरून हे जमलं नसतं. मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो, आणि शेजारच्या शेतातला पिवळा मका आपल्या पांढऱ्या कणसात एकाच हंगामात उतरतो. भोपळा, काकडी यांचंही तेच. मधमाशी या मांडवावरून त्या मांडवावर जाते, आणि जात राखायची असेल तर आदल्या संध्याकाळी फुलं बांधून सकाळी हातानं परागीकरण करावं लागतं. घेवड्याला यातलं काही लागत नाही. फूल उमलण्याआधीच त्याचं लग्न लागलेलं असतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. संध्याकाळी वेलीवरची एक टपोरी, उद्या उमलेल अशी कळी घ्या. बाहेरची रुंद पाकळी आणि तिच्या आतल्या दोन पाकळ्या अलगद बाजूला करा. मध्ये दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेली बारीक नळी दिसेल. मटाराच्या फुलात हा भाग नुसता वाकलेला असतो, घेवड्यात त्यानं पुरते वेढे घेतलेले असतात. टाचणीच्या टोकानं तो उलगडला की आत दहा पुंकेसर सापडतात, नऊ एका जुडीत आणि दहावा सुटा. त्यांच्यामधून कुक्षीचा देठ तसाच वळत वर गेलेला असतो, टोकाशी केसाळ. परागकोश फूल उमलायच्या आदल्या रात्री फुटतात आणि पराग लगतच्या कुक्षीवर पडतो. सकाळी माशी येते तेव्हा काम उरकलेलं असतं. भोमऱ्यासारखी दांडगी माशी बसली, तिच्या वजनानं नळी दबून कुक्षी बाहेर आली, तर क्वचित परका पराग लागतो. बहुतेक ठिकाणी शंभरात एक-दोन दाणे असे निघतात. भोमरे फार असतील तिथं प्रमाण वाढतं.

याच बंद फुलामुळे अनुवंशशास्त्राला एक पायाभूत गोष्ट कळली. विल्हेल्म योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं ‘प्रिन्सेस’ नावाच्या घेवड्याचे दाणे घेतले, एकेका दाण्यापासून स्वतंत्र वंशावळ वाढवली आणि अशा १९ वंशावळींतल्या दाण्यांची वजनं केली. वेगवेगळ्या वंशावळींच्या दाण्यांची सरासरी वेगवेगळी आली, पण एकाच वंशावळीतला सर्वांत मोठा दाणा पेरला काय आणि सर्वांत लहान दाणा पेरला काय, पुढच्या पिढीची सरासरी तीच राहिली. एका वेलीवरच्या दाण्यांतला लहान-मोठेपणा पाण्याचा, उन्हाचा, शेंगेतल्या जागेचा होता, वंशाचा नव्हता. हे त्यानं १९०३ साली मांडलं आणि १९०९ साली ‘जीन’ हा शब्दही त्यानंच वापरात आणला. बागेत याचा अर्थ असा, की जुना, शुद्ध उतरलेला वाण असेल तर मोठाले दाणे निवडत बसून काही साधत नाही. निवड करायची ती वेलीची.

इथं एक गोंधळ आधीच दूर करतो. आपल्याकडे घेवडा हे नाव दोन निरनिराळ्या पिकांना चालतं. वाल-पावट्याचा घेवडा हा जुन्या जगातला, वेगळ्या वंशाचा. या प्रकरणात आहे ती फरसबी, म्हणजे जिच्या कोवळ्या शेंगांची भाजी होते आणि जिच्या काही जातींच्या वाळल्या दाण्याला आपण राजमा म्हणतो ती. तिचं मूळ अमेरिका खंडात. मेक्सिको आणि अँडीज पर्वतराजी अशा दोन ठिकाणी माणसानं तिला स्वतंत्रपणे शेतीत आणलं. मेक्सिकोकडचा दाणा बहुधा लहान, अँडीजकडचा मोठा. १४९२ नंतर ती युरोपात गेली, आणि लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्यानं १५४२ साली छापलेल्या वनस्पतिग्रंथात तिचं चित्र आहे. पुढे युरोपियनांच्या जहाजांतून ती आपल्याकडे पोचली.

मुळात ही चढणारीच. रानात ती आजही झुडपांवर चढते. मेक्सिकोच्या मिल्पा शेतांत आणि उत्तरेकडच्या हौडेनोसौनी लोकांच्या शेतांत ती मक्याच्या ताटावर चढायची, खाली भोपळ्याची पानं जमीन झाकायची. चेरोकींची शेतीही मका, घेवडा आणि भोपळा यांचीच. बुटकी, झुडपी फरसबी नंतरची. वाढ कुठं थांबवायची हे ठरवणारा जीन बिघडला की वेलीचा शेंडा फुलाच्या गुच्छात संपतो आणि झाड गुडघ्याएवढं राहतं. विसाव्या शतकात याच झुडपी रूपाला जोर आला, कारण ते यंत्राला सोयीचं. अमेरिकेत ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात ‘ब्लू लेक’ नावाची वेली फरसबी डबाबंद करण्यासाठी पिकायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत बायका-मुलं तिची तोडणी करून चार पैसे मिळवायची. ओरेगॉनच्या विद्यापीठानं तिला झुडपी केलं, साठच्या दशकात तोडणीयंत्रं आली आणि काही वर्षांत उंच काठ्यांची ती शेतं संपली. बियाण्यांच्या यादीतून वेली वाण एकेक करून गळत गेले. आज महाराष्ट्रातल्या बाजारात येणारी फरसबीही बहुतांश झुडपी जातींचीच असते. ‘अर्का कोमल’, ‘कंटेंडर’ ही नावं शेतकऱ्यांच्या ओळखीची.

शेतकऱ्याला झुडपी जात परवडते, कारण काठ्यांचा खर्च नाही आणि शेंगा एकदम येतात. घरच्या बागेला मात्र माझ्या मते ती चुकीची निवड आहे. दोन-तीन आठवडे शेंगा देऊन ती थकते. वेली फरसबी तेवढ्याच जमिनीत, थंडावा टिकला तर दीड-दोन महिने तोडा देत राहते, आणि शेंगा जमिनीपासून उंच असल्यानं चिखलानं सडत नाहीत. रवांडासारख्या दाट वस्तीच्या डोंगराळ देशात ऐंशीच्या दशकापासून वेली घेवडा पसरला तो याच हिशेबानं. टीचभर जमीन असलेल्या शेतकऱ्यानं उत्पन्न आडवं न वाढवता उभं वाढवलं. झुडपी जातींच्या दुप्पट-तिप्पट दाणा तिथं वेलींपासून मिळतो.

वेल चढते कशी, हे पाहायला चार्ल्स डार्विननं वेळ काढला होता. १८६५ साली त्यानं चढणाऱ्या वनस्पतींवर मोठा निबंध लिहिला; त्यात फरसबीही आहे. वेलीचा मोकळा शेंडा हवेत गोल फिरत असतो, आणि डार्विनच्या नोंदींप्रमाणे तिचा एक फेरा सुमारे दोन तासांत पुरा होतो. आधार लागला की तोच फेरा आधाराभोवती वळसा होतो. वरून पाहिलं तर ही वेल नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं वळते. हे लक्षात ठेवण्याचं कारण व्यवहाराचं आहे. वाऱ्यानं सुटलेली वेल काठीला परत गुंडाळताना उलटी गुंडाळली तर ती स्वतःला सोडवून घेते आणि तिचे चार-पाच दिवस वाया जातात. दुसरी मदत पाना-खोडावरच्या केसांची. पान शर्टाला लावून पाहा, चिकटून बसेल. त्यावर वाकड्या आकड्यांसारखे अतिसूक्ष्म केस असतात. बाल्कन देशांत पूर्वी रात्री खाटेखाली ही पानं पसरत आणि सकाळी ढेकणांसकट जाळून टाकत. २०१३ साली अमेरिकन संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं, की हे आकडे ढेकणाच्या पायात आरपार घुसतात.

आता लावणीकडे. फरसबीला ना थंडी सोसत ना कडक ऊन. माती १२ अंशांखाली असेल तर बी उगवण्याऐवजी कुजतं. म्हणून ब्रिटनमधले बागवाले एप्रिलअखेर घरात कुंड्यांत बी टाकतात, किंवा मे महिन्याच्या मध्यानंतर, कडाका संपल्यावर, थेट वाफ्यात पेरतात. तिकडे भाड्याच्या वाफ्यावर बाग करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे पीक अगदी जमणारं आहे. आपल्याकडे अडचण उलटी. पारा ३२-३५ अंशांच्या वर गेला, रात्रीही उकाडा राहिला, की फुलं येतात आणि गळतात. पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात जून-जुलै किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरची पेरणी धरावी. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर हंगाम लांबतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात मुळं कुजतात, तिथं थंडीचे दोन-अडीच महिनेच काय ते हाती लागतात.

आधार आधी उभा करावा, बी नंतर. उगवलेल्या रोपांशेजारी बांबू ठोकला की मुळं दुखावतात. आठ फुटी बांबू फूटभर खोल रोवा. चार-सहा बांबू गोलात रोवून वर सुतळीनं एकत्र बांधले तर वाऱ्याला ते दाद देत नाहीत, पण वरच्या टोकाला पानांची गर्दी होऊन आतल्या शेंगा दिसत नाहीत. मला दोन ओळींत समोरासमोर रोवलेले आणि वर आडव्या बांबूला बांधलेले बांबू जास्त पसंत आहेत, शेंग सहज हाताला लागते. गच्चीत असाल तर कठड्याला पक्की बांधलेली नायलॉनची जाळी चालते. पत्र्याचा किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकचा नळ मात्र नको. वेल त्यावरून घसरते, आणि दुपारी तापलेल्या पत्र्याला शेंडा करपतो.

एका बांबूपाशी दोन-तीन बिया, दीड-दोन इंच खोल टाकाव्या. बी भिजत घालू नये, ते फुटतं. फरसबीचा कोंब वाकून वर येतो आणि दोन्ही डाळिंब्या जमिनीबाहेर उचलतो. वरची माती पाण्यानं घट्ट बसली असेल तर इथंच मान मोडते, म्हणून पेरल्यानंतर एकदा पाणी द्यावं आणि उगवेपर्यंत नुसता ओलावा राखावा. आठ-दहा दिवसांत समोरासमोरची दोन साधी, हृदयाकृती पानं दिसतात. त्यानंतरचं प्रत्येक पान तीन पर्णिकांचं.

जमिनीत चांगलं कुजलेलं शेणखत असलं की पुरे. ही डाळवर्गातली वनस्पती असल्यानं तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, पण हरभरा-चवळीच्या मानानं फरसबी या कामात कच्ची आहे, तेव्हा खत अजिबात नको असं समजू नये. युरियाचा मारा मात्र केला तर पानांचं रान माजतं आणि फुलं मागे पडतात. फुलोऱ्यात आल्यावर पाणी तोडू नका. त्या दिवसांत दोनदा जरी माती कोरडी पडली तरी फुलं झडतात. बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं तर निम्मं काम होतं. कोरड्या उष्ण हवेत पानांच्या खाली लाल कोळी येतो, दमट हवेत तांबेरा. तांबेऱ्याची पानं वेळीच तोडून बागेबाहेर नेली आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी दिलं तर घरची बाग बहुधा निभावते.

पेरणीपासून साधारण दोन-सव्वादोन महिन्यांनी पहिला तोडा येतो. मग दर दोन-तीन दिवसांनी वेल तपासावी. आत लपलेली एखादी शेंग जून होऊ लागली की वेल तिच्या दाण्यांकडे लक्ष लावते आणि नवी फुलं आवरती घेते. तोडत राहिलं तर ती देत राहते.

जुन्या वाणांची एक खोड सांगायला हवी. त्यांच्या शेंगांना शिरा असतात. देठ मोडून ओढला की कडेनं दोरा निघतो, तो काढावा लागतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ल रॉय गावच्या कॅल्विन कीनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनशिरांच्या जाती तयार केल्या, आणि पुढच्या पिढ्यांना शिरा काढण्याची सवयच राहिली नाही. पण बिनशिरांचा एक वेली वाण त्याआधीही होता. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या त्या फरसबीला लोकांनी ‘लेझी हाउसवाइफ’ म्हणून टाकलं. जिच्यामुळे बाईचे दोन तास वाचले, तिच्या नावात बाईलाच आळशी ठरवलं, हे मला पटत नाही. भाजी मात्र उत्तम. शिरा असलेली शेंग कोवळी तोडली की तिचाही त्रास जाणवत नाही, आणि ओलं खोबरं घालून परतली तर नव्या जातींपेक्षा तिची चव भरदार लागते. ‘कॉस व्हायोलेट’सारख्या फ्रेंच वाणांच्या शेंगा गर्द जांभळ्या असतात. पानांच्या गर्दीत त्या पटकन दिसतात हा मोठा फायदा. शिजवल्या की रंग पाण्यात उतरून त्या हिरव्या होतात, तेव्हा पहिल्यांदा करणाऱ्यानं दचकू नये.

वाळल्या दाण्याबाबत सावध राहावं लागतं. कच्च्या दाण्यात, विशेषतः लाल राजम्यात, एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब करायला पुरतात. दाणे पाच तास तरी भिजवावे, ते पाणी फेकावं आणि नव्या पाण्यात खळखळून उकळावं. आपला प्रेशर कुकर हे काम चोख करतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट घातलेला राजमा मात्र धोक्याचा, कारण त्यात उकळीपर्यंत तापमान जात नाही आणि विष टिकून राहतं.

आता बी धरण्याविषयी. बहुतेक घरांत हंगामाच्या शेवटी, तोडायच्या राहून गेलेल्या जून शेंगांचं बी ठेवतात. हे चूक आहे. त्या शेंगा उशिरा आलेल्या असतात, तोवर वेलीला रोग लागलेला असतो. वेली कमरेएवढ्या झाल्या तेव्हाच पाहून ठेवावं, की कोणती निरोगी आहे, कोणती पहिली फुलली. अशा आठ-दहा वेलींना रंगीत दोरा बांधावा आणि त्यांच्यावरच्या पहिल्या बहराच्या शेंगा भाजीला तोडूच नयेत. बाकीच्या वेली खाण्यासाठी. पानं आक्रसलेली, कडा खाली वळलेल्या, गडद-फिकट ठिगळं पडलेली वेल दिसली तर ती मोझॅक विषाणूची समजून उपटावी. हा रोग बियांतून पुढच्या वर्षी येतो आणि मावा तो शेजारच्या वेलींवर नेतो. जुने वाण शुद्ध असूनही निकामी होतात ते बहुधा या रोगामुळे. शेंगांवर काळपट, आत दबलेले डाग पडणारा करपाही बियांतूनच येतो. डागी शेंगेतला दाणा चांगला दिसला तरी ठेवू नये.

दोन वाण लावले असतील तर मध्ये वीस-पंचवीस फुटांचं अंतर आणि एखादं फुलांचं पीक असावं. इतकं घरासाठी पुरतं. पुढच्या वर्षी एखादी वेल वेगळ्या रंगाचं फूल किंवा शेंग दाखवेल, ती तेवढी बाजूला करायची.

शेंग वेलीवरच वाळून कागदासारखी वाजू लागली की तोडावी. पाऊस आडवा आला तर वेलच उपटून छपराखाली उलटी टांगावी. दाणे सावलीत पसरून आणखी दोन-तीन आठवडे वाळवावे. पुरतं वाळलं का, ते पाहायला एक दाणा फरशीवर ठेवून हातोडी मारावी. फुटून चुरा झाला तर बी तयार, नुसता चेपला तर अजून ओल आहे. दाण्यात भुंग्याची अंडी आधीच असू शकतात. शेतातच शेंगेत शिरलेली अळी डब्यात भुंगा होऊन बाहेर येते आणि चार महिन्यांत सगळं पोखरते. त्यासाठी पूर्ण वाळलेलं बी हवाबंद बाटलीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावं. बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. चिठ्ठीवर वाणाचं नाव, वर्ष आणि ज्यांच्याकडून मिळालं त्यांचं नाव लिहावं. थंड कोरड्या जागी तीन-चार वर्षं उगवण चांगली राहते.

हे वय विसरून लोक गोष्टी रचतात. अमेरिकेत ‘अनासाझी’ नावाचा लाल-पांढरा घेवडा विकला जातो. गुहेतल्या पंधराशे वर्षांच्या मडक्यात सापडलेल्या दाण्यांतून तो उगवला, अशी त्याची कथा सांगतात. घेवड्याचा दाणा मडक्यात काही दशकंही धड जिवंत राहत नाही. तो वाण खरोखर जुना असेल तर कोणी ना कोणी दर काही वर्षांनी पेरत आलं म्हणून. वाइच यांच्या दाण्यांचीही कागदोपत्री साखळी १९७७पासूनची, त्याआधीचा आधार घरच्या आठवणीचा. ती आठवण मला विश्वासार्ह वाटते, कारण तिच्यात मडकं नाही, दरवर्षी पेरणारी माणसं आहेत.

बी हातोहात जाण्यात कायद्याचीही अडचण येते. सत्तरच्या दशकात युरोपात बियाण्यांचे नियम कडक झाले आणि अधिकृत यादीत नोंद नसलेला वाण विकणं बेकायदा ठरलं. नोंदणीचा खर्च घरगुती वाणासाठी कोण करणार? म्हणून ब्रिटनमधल्या हेरिटेज सीड लायब्ररीनं बी विकणंच टाळलं. सभासद व्हायचं आणि सभासदाला बी मिळतं, अशी व्यवस्था केली. काही सभासद एकेका वाणाचं पालकत्व घेऊन त्याचं बी वाढवून परत पाठवतात. आपला २००१चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा या बाबतीत उदार आहे. आपल्या शेतातलं बी ठेवणं, पेरणं, देणं-घेणं, विकणंसुद्धा शेतकऱ्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही, एवढीच मर्यादा.

या हक्काचं मोल गढवालच्या विजय जरधारींनी कायद्याच्या आधीच ओळखलं. टिहरीच्या हेंवल खोऱ्यात ऐंशीच्या दशकात सुरू झालेल्या बीज बचाओ आंदोलनानं गावोगाव फिरून राजम्याचे दोनशेच्या घरात प्रकार गोळा केले. त्या डोंगरांत बारा धान्यं एकत्र पेरायची रीत आहे, बारानाजा. तिच्यात राजमा राजगिऱ्याच्या ताटावर चढतो. आपल्याकडे साताऱ्याच्या कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या दाण्यावर पट्टे असतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, पावट्यासकट कितीतरी गावरान वाणांचं बी जपलं, वाटलं, आणि त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा वाल हा फरसबीपेक्षा वेगळा, पण घरच्या उंबऱ्याशी बी धरणाऱ्या बाईचं काम तेच.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना बियांची पाकिटं बॅगेतून आणायला मात्र सांगू नका. २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशानं त्यासाठी परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि मोझॅकचा विषाणू बियांत लपून येतो हे वर पाहिलंच. त्याची गरजही नाही. ‘केंटकी वंडर’ हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन वेली वाण हिमाचलच्या डोंगरांत कित्येक वर्षं पिकतो आणि त्याचं बी भारतातच मिळतं. साताऱ्याकडच्या, जुन्नरकडच्या, घाटमाथ्यावरच्या बाजारात एखादी आजी घरच्या वेलीच्या शेंगा विकायला बसलेली दिसली तर शेंगांबरोबर मूठभर वाळले दाणे मागून घ्या, गावाचं नाव विचारून चिठ्ठीवर लिहा. एकच वाण धरा. येत्या सप्टेंबरात पेरा, दोरा बांधलेल्या वेलींचं बी ठेवा आणि निम्मं बी दोन निराळ्या घरांत द्या. एका वर्षी तुमच्या वेली पावसानं गेल्या, तरी बी मागायला दोन दारं उघडी राहतील.